वय झालं की पुढचा वर्ग : आयर्लंडमधल्या आपल्या मुलांच्या शिडीचा इतिहास



ऑगस्ट उजाडला की आपल्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. नुकतंच कोणीतरी पुण्याहून, नागपूरहून किंवा बंगळुरूहून इथे आलेलं असतं. मुलीचं शाळेत नाव घातलेलं असतं आणि आई विचारते, "आमची मुलगी वीसपर्यंत पाढे म्हणते, तीन भाषा वाचते. इथे तिला फर्स्ट क्लासमध्ये बसवलंय. एक वर्ग वर घ्या म्हटलं तर प्रिन्सिपल नुसतं हसतात. हे लोक मुलाचं ज्ञान बघतच नाहीत का?"

मे महिन्यात दुसरा प्रश्न येतो. सेकंड क्लासमधली सगळी मुलं फर्स्ट कम्युनियनच्या तयारीला लागलेली असतात. पांढरे झगे, नवे कोट, घरोघरी बाउन्सी कासल, पाकिटांतून मिळणारे पैसे. आपलं सात-आठ वर्षांचं पोर घरी येऊन विचारतं, "माझं कधी?"

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. या देशात मूल वयाप्रमाणे पुढे सरकतं. चार-पाचव्या वर्षी ज्युनियर इन्फंट्स, सात-आठला कम्युनियन, अकरा-बाराला कन्फर्मेशन, पंधरा-सोळाला ट्रान्झिशन इयर. जीएएच्या मैदानावर अंडर-एट, अंडर-टेन. हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की ते कायमचंच असावं असं वाटतं. पण तसं नाहीये. वयाप्रमाणे पायरी चढण्याची ही पद्धत तशी अलीकडची आहे आणि ती का आली हे समजलं की आपले बरेच निर्णय सोपे होतात. म्हणून जरा लांबण लावतोय. चहा घेऊन बसा.

आधी मुलं कशी पुढे जायची?

आपल्याकडची पंतोजींची शाळा आठवा, म्हणजे पणजोबांकडून ऐकलेली. ओसरीवर किंवा देवळात वीस-पंचवीस मुलं. कोणी सहा वर्षांचं, कोणी तेरा. एकजण धूळपाटीवर अक्षर गिरवतोय, दुसरा पावकी-निमकी घोकतोय, तिसरा मोडी वाचतोय. "तू कितवीत?" असा प्रश्नच नव्हता. "कुठपर्यंत आलास?" हा प्रश्न होता. एक झालं की पुढचं. मोठी मुलं धाकट्यांना शिकवायची.

आयर्लंडमध्ये त्याच काळात हेज स्कूल होत्या. कॅथलिक लोकांच्या शिक्षणावर कायद्याने बंधनं होती तेव्हा त्या सुरू झाल्या आणि बंधनं सैल झाल्यावरही खेडोपाडी चालू राहिल्या. झोपडीत, गोठ्यात, कधी कुंपणाच्या आडोशाला. मास्तरला पैसे विषयाप्रमाणे मिळायचे. वाचनाचे वेगळे, हिशेबाचे वेगळे. पैसे नसले तर लोणी किंवा चुलीसाठी टर्फ. इथेही वयाचा हिशेब नव्हताच.

गंमत म्हणजे या दोन जगांना जोडणारा एक धागा आहे. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागातल्या सैनिकी अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. तिथल्या देशी शाळेत मुलं वाळूवर अक्षरं गिरवतात हे त्याने पाहिलं आणि ते आपल्या शाळेत आणलं. मोठ्या मुलांना धाकट्यांचे मास्तर केलं. १७९७ मध्ये त्याने त्यावर लंडनमध्ये पुस्तिका काढली आणि 'मद्रास पद्धत' गाजली. जोसेफ लँकेस्टर याने स्वतंत्रपणे तशीच पद्धत बसवली. डब्लिनमध्ये १८११ साली स्थापन झालेल्या किल्डेअर प्लेस सोसायटीने तीच वाट धरली. लँकेस्टरच्या शाळेत एक मूल वाचनाला एका गटात आणि गणिताला दुसऱ्या गटात असू शकायचं. आज आपण प्रिन्सिपलकडे जे मागतो ना, अगदी तेच!

मग बदललं कधी?

१८३१ मध्ये आयर्लंडचे चीफ सेक्रेटरी एडवर्ड स्टॅन्ली यांनी एक पत्र लिहिलं आणि त्यातून इथली नॅशनल स्कूल व्यवस्था उभी राहिली. तुमच्या मुलाच्या शाळेच्या नावापुढे आजही जे 'एन. एस.' लागतं, त्याचं मूळ तिथे आहे. या व्यवस्थेने स्वतःची क्रमिक पुस्तकं काढली. पहिलं पुस्तक, दुसरं पुस्तक, असं पाचव्यापर्यंत. ती इतकी चालली की इंग्लंडमध्ये आणि वसाहतींमध्येही गेली. मुलाची ओळख त्याच्या पुस्तकावरून व्हायची, तो 'दुसऱ्या पुस्तकात' आहे अशी. वय अजूनही दुय्यमच होतं.

पुढे सरकारला प्रश्न पडला की एवढा पैसा घालतो, त्याचं फळ काय? पॉविस आयोगाचा अहवाल १८७० मध्ये आला आणि १८७२ पासून 'निकालावर मोबदला' पद्धत सुरू झाली. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर यायचा. एकेका मुलाला वाचायला, लिहायला, गणित करायला लावायचा. जितकी मुलं पास, तितके मास्तरांच्या पगारात जास्तीचे पैसे. इंग्लंडमध्ये ही पद्धत १८६२ सालीच आली होती. आपल्या मुंबई इलाख्यातही खासगी शाळांना अनुदान देताना हीच पद्धत वापरली जायची.

आता त्या वर्गात बसलेल्या मुलाचा विचार करा. ते मूल म्हणजे मास्तरांच्या संसाराचे पैसे. पास होणारं मूल हवंहवंसं, अडखळणारं मूल नकोसं. इन्स्पेक्टर विचारील तेवढंच शिकवायचं, तेही घोकून. पोर एका पायरीवर अडकलं की त्याच्यापेक्षा लहान मुलं त्याच्या शेजारी येऊन बसायची आणि पुढेही निघून जायची. तेरा-चौदाव्या वर्षी धाकट्या मुलांच्या बाकावर बसायची लाज किती मुलांनी सोसली असेल! त्यापेक्षा शेतावर गेलेलं बरं.

ही पद्धत आयर्लंडमध्ये २८ वर्षं चालली. १९०० साली ती बंद झाली. मास्तरांना ठरलेला पगार मिळू लागला. हस्तकला, चित्रकला, गाणं, निसर्गाचं निरीक्षण, कवायत असे विषय आले. मुलाकडे मूल म्हणून बघा, हा विचार पहिल्यांदाच सरकारी कागदावर ठळकपणे उतरला.

देवाच्या दारातही वय

आता शाळेतून चर्चमध्ये जाऊ, कारण इथे दोन्हींची भिंत एकच आहे.

कॅथलिक परंपरेत १२१५ च्या लॅटरन परिषदेने ठरवलं होतं की 'समज आल्यावर' कम्युनियन घ्यायचं. समज म्हणजे नक्की किती वय? शतकानुशतकं लोक सावधच राहिले. पोराला धर्माची सगळी प्रश्नोत्तरं पाठ व्हायला हवीत, पावित्र्य कळायला हवं. करता करता पहिलं कम्युनियन दहा, बारा, काही ठिकाणी चौदा वर्षांपर्यंत लांबलं. समज सिद्ध करायची परीक्षाच ती!

आणि मग कॉर्कमधली एक लहान मुलगी. एलेन ऑर्गन, सगळे तिला नेली म्हणत. जन्म २४ ऑगस्ट १९०३, वॉटरफर्डच्या लष्करी बराकीत. वडील सैनिक. आई क्षयाने गेली. नेलीला आणि तिच्या बहिणीला कॉर्कच्या संडेज वेल भागातल्या गुड शेफर्ड कॉन्व्हेंटमध्ये आणलं. पाठीच्या दुखण्याने तिला धड बसताही येत नसे. पण तिची श्रद्धा पाहून नन्स चकित व्हायच्या. तिने कम्युनियनसाठी हट्ट धरला. एका जेसुइट पाद्र्याने तिच्याशी बोलून खात्री करून घेतली की तिला कळतंय. कॉर्कच्या बिशपांनी परवानगी दिली आणि ६ डिसेंबर १९०७ रोजी, वयाच्या पाचव्या वर्षात असलेल्या नेलीला कम्युनियन मिळालं. २ फेब्रुवारी १९०८ ला ती गेली. साडेचार वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांनी फर्मान काढलं की साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाला समज येते, तेव्हा त्याला थांबवून ठेवू नका. नेलीची गोष्ट ऐकून पोपना बळ मिळालं असं आयर्लंडमध्ये आवर्जून सांगतात. ते किती खरं, हे बाजूला ठेवू. फर्मानाचा रोख मात्र स्पष्ट आहे. मोठ्यांनी 'अजून तयार नाही' म्हणत मुलांना दारात उभं करून ठेवलं होतं, ते दार उघडलं.

पण इथेच एक बारीक गोष्ट घडली. नेलीला जे मिळालं ते वयामुळे नाही, समजेमुळे. त्यातून आलेला नियम म्हणाला, 'समज, म्हणजे साधारण सात वर्षं'. आणि तो नियम शाळेत पोचला तेव्हा झाला 'सेकंड क्लास'. समजेच्या जागी वय आलं, वयाच्या जागी वर्ग आला. आज मूल सेकंड क्लासमध्ये आहे म्हणून कम्युनियन आणि सिक्स्थ क्लासमध्ये आहे म्हणून कन्फर्मेशन, असंच बहुतेक ठिकाणी चालतं.

हे फक्त इथलंच नाही

त्याच सुमारास अमेरिकेत मॉर्मन पंथातही हेच घडत होतं. १८३० साली स्थापन झालेल्या या पंथात डीकन, टीचर, प्रीस्ट अशा पायऱ्या आहेत. सुरुवातीला त्या मुख्यतः मोठ्या पुरुषांसाठी होत्या, कारण घरोघरी जाऊन लोकांची विचारपूस करायची जबाबदारी त्यात होती. हळूहळू पोरगेल्या मुलांना त्यात घेतलं जाऊ लागलं, त्यांनी चर्चमध्ये रमावं म्हणून. १९०८ मध्ये पक्की वयं ठरली. डीकन बाराव्या वर्षी, टीचर पंधराव्या, प्रीस्ट अठराव्या. पुढे वरच्या दोन पायऱ्या १४ आणि १६ वर आल्या. २०१९ पासून तर वाढदिवसाचीही वाट बघत नाहीत. ज्या वर्षी वय पूर्ण होणार त्या वर्षीच्या जानेवारीत सगळी मुलं एकत्र पुढे जातात. तिथेही तोच प्रवास झाला. आधी योग्यता, मग वय, मग तुकडी.

१९०० ला आयर्लंडची शाळा, १९०७ ला बेडन-पॉवेल यांचा पहिला स्काउट कॅम्प, १९०८ ला मॉर्मन, १९१० ला पोप. एका दशकात सगळ्यांना वाटू लागलं की मुलांची वयाप्रमाणे एक शिडी असावी. सक्तीच्या शिक्षणाचे कायदे येत होते, मुलं कामावरून शाळेत येत होती आणि शेकडो मुलं एका छपराखाली आली की त्यांची विभागणी करायला वय हा सगळ्यात सोपा आणि वाद न होणारा आकडा होता.

आपण म्हणू, आमच्याकडे तर हे आधीपासूनच होतं. खरंय. गृह्यसूत्रांमध्ये मुंजीची वयं दिलीच आहेत, ८, ११ आणि १२. पण ती वर्णाप्रमाणे वेगवेगळी, आणि मुलींना व बाकीच्या समाजाला त्या दारात प्रवेशच नाही. म्हणजे वयाची शिडी होती, पण ती सगळ्यांसाठी नव्हती. शिवाय १६, २२, २४ अशी शेवटची मुदतही दिलेली होती. त्या मर्यादेत मागेपुढे झालेलं चालत असे. आज आपल्यात ज्यांच्या घरी मुंज होते ते आजी-आजोबांचा व्हिसा आणि शाळेची सुट्टी बघून मुहूर्त काढतातच की!

१९६७ : खरी कलाटणी

स्वतंत्र आयर्लंडमध्ये एक पायरी मात्र बरीच वर्षं परीक्षेचीच राहिली. प्रायमरी सर्टिफिकेट. १९२९ मध्ये ऐच्छिक म्हणून आलेली ही परीक्षा १९४३ पासून सक्तीची झाली. सिक्स्थ क्लासच्या शेवटी आयरिश, इंग्लिश आणि गणित यांची लेखी परीक्षा. आपल्या आजोबांच्या पिढीतली 'फायनल', म्हणजे मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल, तिचीच ही बहीण. 'फायनल पास' हे शब्द आपल्याकडे किती मानाने उच्चारले जायचे! पण जे पास झाले नाहीत किंवा बसलेच नाहीत, त्यांच्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

१९६५ मध्ये 'इन्व्हेस्टमेंट इन एज्युकेशन' हा अहवाल तयार झाला आणि आकडे समोर आले. १० सप्टेंबर १९६६ ला शिक्षणमंत्री डोनो ओ'मॅली यांनी मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली तेव्हा त्यांनी सांगितलं की दरवर्षी प्राथमिक शाळा संपवणारी सुमारे १७,००० मुलं पुढे काहीच शिकत नाहीत. जवळपास तीनातलं एक मूल.

१९६७ मध्ये तीन गोष्टी झाल्या. माध्यमिक शिक्षण मोफत झालं. प्रायमरी सर्टिफिकेट बंद झालं. आणि शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने शाळांना सांगितलं की वर्ष संपलं की मूल पुढच्या वर्गात जाणं हीच सर्वसाधारण रीत असावी. २००३ च्या परिपत्रकाने ते आणखी घट्ट केलं. त्याच वर्गात पुन्हा बसवायचं तर अपवाद म्हणून, शैक्षणिक कारण असेल तरच, आणि प्राथमिक शाळेच्या सगळ्या वर्षांत एकदाच.

प्रिन्सिपल हसतात ते म्हणून. तुमच्या मुलीला येतं की नाही याच्याशी त्या हसण्याचा संबंध नाही. या देशाने परीक्षेच्या चाळणीतून किती मुलं गळतात हे पाहून, विचार करून वयाची बाजू घेतली आहे. भारतानेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात हेच केलं. वयानुरूप वर्ग आणि आठवीपर्यंत नापास न करणं. मग २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीला पुन्हा अडवायची मुभा दिली. म्हणजे आपल्या देशात हा वाद अजून मिटलेला नाही आणि आपण तो सामानाबरोबर इथे घेऊन आलोय.

मग आपण काय करायचं?

माझं मत सरळ सांगतो. वयाची शिडी ही सोबतीची शिडी आहे. ज्ञानाची शिडी वेगळी. दोन्ही एकच आहेत असं समजलं की घोळ होतो. सात वर्षांच्या मुलीला गणित नऊ वर्षांचं येत असेल, पण मैदानावर भांडण झालं की ती सात वर्षांचीच असते. तिला नव्या देशात आधी मैत्रिणी हव्यात. गणित घरी, लायब्ररीत, वर्गातल्या वेगळ्या कामातून वाढवता येतं. त्यासाठी टीचरशी बोला, "वर्ग बदला" असं न म्हणता "तिला जरा अवघड काम देता येईल का?" असं विचारा. लँकेस्टरची युक्ती अजूनही चालते.

पण एक सावधगिरी. वयाप्रमाणे पुढे जाणारं मूल मागे पडलेलंही असू शकतं आणि ते पटकन कळत नाही, कारण 'नापास' असा शिक्का इथे बसत नाही. 'शी इज डुइंग ग्रेट' हे वाक्य ऐकून सुखावू नका. पॅरेंट-टीचर मीटिंगमध्ये वाचन नेमकं कुठे आहे, स्टँडर्डाइज्ड टेस्टचा स्कोअर काय आहे, हे विचारा. इन्स्पेक्टर गेला ते बरं झालं, पण बघणारं कोणीतरी हवंच, आणि ते आपण.

शिडीवर तीन ठिकाणी मात्र निवड खरोखर आपल्या हातात आहे.

पहिली, सुरुवात. सप्टेंबरमध्ये चार वर्षं पूर्ण असतील तर ज्युनियर इन्फंट्समध्ये घेतात, पण कायद्याने सक्ती सहाव्या वर्षापासून आहे. २०१८ पासून ईसीसीईची दोन वर्षं मोफत झाल्यावर पाचच्या आसपास सुरू करणारी मुलं वाढली आहेत. "माझं मूल मागे राहील" या भीतीने चार वर्षं भरताच घाई करू नका. एकदा पायरीवर पाय ठेवला की मग तुकडीबरोबरच चालायचं असतं.

दुसरी, ट्रान्झिशन इयर. १९७४ मध्ये शिक्षणमंत्री रिचर्ड बर्क यांनी तीन शाळांमध्ये प्रयोग म्हणून सुरू केलं. धावत्या शिडीवर मुद्दाम ठेवलेला कट्टा आहे तो. आपल्यातले अनेक पालक त्याला 'वाया गेलेलं वर्ष' म्हणतात. काही शाळांत ते सक्तीचं असतं, काहींत ऐच्छिक. ऐच्छिक असेल तर निर्णय मुलाला विचारून घ्या, शेजाऱ्याला विचारून नको.

तिसरी, कम्युनियन. इथल्या दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत, त्यामुळे हा प्रश्न बहुतेकांना येतोच. घटनेच्या कलम ४४ नुसार सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत मुलाला धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क आहे. २०१८ च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांना प्रवेशासाठी बाप्तिस्म्याची अट घालायलाही मनाई केली. त्या तासाला मूल काय करणार हे शाळेला सप्टेंबरमध्येच विचारून ठेवा, मे उजाडायची वाट बघू नका.

आणि "माझं कधी?" या प्रश्नाला उत्तर द्या. "आपलं ते नसतं" एवढ्यावर सोडू नका. मूल धर्म मागत नाही, आपली पायरी मागतं. सगळ्यांसमोर कोणीतरी म्हणावं की तू आता मोठा झालास. ज्यांच्याकडे मुंज आहे त्यांनी ती करावी. ज्यांच्याकडे नाही किंवा ज्यांना नको, त्यांनी सातव्या-आठव्या वर्षी स्वतःचं काहीतरी ठरवावं. आजीला पहिलं मराठी पत्र स्वतःच्या हाताने लिहिणं, एकट्याने आजोळी आठवडाभर राहणं, घरातली एक जबाबदारी कायमची अंगावर घेणं. आणि मुलगा-मुलगी दोघांसाठीही. जुन्या शिडीत जे राहून गेलं ते आपण दुरुस्त करू शकतो.

वय हा आकडा शाळेला, चर्चला, क्लबला लागतो, कारण त्यांच्यापुढे शेकडो मुलं असतात. आपल्यापुढे एक किंवा दोनच आहेत. पंतोजींचा "कुठपर्यंत आलास?" हा प्रश्न विचारायला वेळ फक्त आपल्याकडेच आहे. तेवढा रोज विचारू या.

तुमच्या घरी मुलांच्या कोणत्या वयाला काय 'पायरी' मानता? मुंज, पहिली सायकल, पहिलं पत्र, काहीही. खाली लिहा. नव्याने आलेल्या पालकांना उपयोग होईल. आणि ऑगस्टमध्ये तो प्रश्न पुन्हा आला की त्यांना ही पोस्ट द्या.